काहिलीतून उतरल्यानंतर: कोल्हापुरी गुळाच्या साठवणुकीची आणि वाहतुकीची पार्श्वभूमी

कोल्हापुरी गुळाचे कौतुक होते ते रंगाचे आणि चवीचे. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाही चर्चा झाली ती माती-पाण्याची आणि काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस आटवणाऱ्या गुळव्याच्या हाताची. रवा, म्हणजे गुळाची ढेप, पुढे किती वेळा उचलला-आदळला जातो आणि कुठल्या गोदामात पावसाळा काढतो, याकडे कुणी फारसे पाहिले नाही. चांगल्या गुळाची नासाडी मात्र बरीचशी इथेच होते.

रेल्वेच्या आधी हा सगळा मुलूख घाटवाटांवर अवलंबून होता. लमाणांचे तांडे आणि बैलगाड्या फोंडा किंवा आंबा घाट उतरून राजापूरसारख्या बंदरांकडे जात, येताना मीठ-नारळ आणत. पाऊस लागला की वाटा बंद.

कोल्हापूर-मिरज रेल्वेचे भूमिपूजन १८८८ मध्ये तरुण शाहू महाराजांच्या हस्ते झाले आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. महाराजांनी त्यापुढे टाकलेले पाऊल मला रेल्वेइतकेच महत्त्वाचे वाटते. १८९५ मध्ये त्यांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी वसवली आणि गुळाच्या व्यापाराला तिथे जागा दिली. पेठ वॅगनच्या जवळ आली. १९१७ मध्ये जयसिंगपूर वसले, तेही याच लोहमार्गाला धरून. माल आणि गाडी यांतले अंतर कमी करायचे हा विचार त्या काळात स्पष्ट दिसतो.

पण ही लाइन मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती. मिरजेहून पुण्यापर्यंतचीही तशीच. पुण्यापासून मुंबईकडे रुंद रुळांची ब्रॉडगेज. म्हणजे मुंबईला जाणारा माल पुण्यात एका वॅगनमधून काढून दुसऱ्या वॅगनमध्ये भरावा लागे. गुळाच्या बाबतीत हा नुसता हमालीचा खर्च नव्हे. तीस किलोचा रवा आदळला की त्याला चीर जाते, कोपरा उडतो आणि आतला कोरा भाग हवेला उघडा पडतो. ब्रॉडगेज कोल्हापुरात आली १९७१ मध्ये, तोवर ट्रक जोरात आले होते. गुजरात हे कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक. तिकडे जाणारा माल ट्रकने दारापर्यंत पोचू लागल्यावर वॅगनची वाट कोण पाहणार?

बाजार शाहूपुरीतून मार्केट यार्डात गेला, जागा मोठी झाली. उचल-ठेव मात्र फारशी कमी झाली नाही. शेतकऱ्याच्या गाडीतून रवे उतरवायचे, अडत दुकानात ओळीने मांडायचे, सौदा झाला की तोलायचे, बारदानात बांधायचे, पुन्हा ट्रकमध्ये चढवायचे. हे सगळे हमालांच्या खांद्यावर. या माणसांसाठी राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. त्याने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, नोंदणी या गोष्टी मार्गी लावल्या. ओझे हलके करणारी साधने तेवढ्या तत्परतेने आली नाहीत. रवा हाताने टाकला जातो याचा दोष हमालाला देण्याची एक सवय आहे. ती मला पटत नाही. दिवसभर तीस-तीस किलो उचलणाऱ्याला ढकलगाडी आणि ट्रकच्या उंचीचा चौथरा दिलात, तर टाकायची वेळच कशाला येईल?

साठवणुकीचा प्रश्न याहून जुना आणि चिवट. उकळताना रसातल्या साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ते हवेतले पाणी ओढतात. गुळातला ओलावा पाच-सहा टक्क्यांच्या आत असेल तर तो टिकतो. हंगाम ऑक्टोबरनंतरचा, हवा कोरडी, तेव्हा अडचण नसते. पण भाव चढेल या आशेने जूनपर्यंत माल ठेवला की कोल्हापूरचा पाऊस गोदामात शिरतो. रव्याला पाणी सुटते, रंग काळवंडतो, आंबूस वास येतो, बुरशी धरते. जमिनीवर लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर, दारे बंद, बारदानाच्या आत प्लास्टिक, एवढ्या गोष्टींनीही बरेच वाचते. शीतगृहात रंग नीट राहतो, पण बाहेर काढल्यावर गार रव्यावर दव धरते. हळूहळू बाहेरच्या तापमानावर आणले नाही तर केलेला खर्च पाण्यात.

त्यात पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, ट्रक रांगेत उभे राहिले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागात पाणी शिरले. जिथे शतकापूर्वी गुळाची पेठ वसली तो भाग आणि ज्या रस्त्यावर आज ती पेठ जगते तो रस्ता, दोन्ही पंचगंगेच्या पुराच्या टप्प्यात आहेत.

खरा बदल अलीकडे आला तो आकारातून. एक किलोचे बॉक्स बाजारात दिसू लागले, पाच आणि दहा किलोचे रवेही. लहान तुकडा फुटत नाही, गुऱ्हाळावरच वेष्टनात बंद होतो आणि थेट गिऱ्हाइकाच्या घरी उघडतो. मध्येच फोडून विकण्याची पायरी गेली. अर्थात वेष्टनाचा खर्च वाढतो, आणि ओला गूळ प्लास्टिकमध्ये बांधला तर आतल्या आत घामेजतो, म्हणून आधी पुरता निवू द्यावा लागतो.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाची मागणी वर्षानुवर्षे आहे. मंजुरी मिळूनही तो प्रत्यक्षात उतरलेला नाही. झाल्यास कोकण रेल्वेशी थेट जोड मिळेल. गुऱ्हाळवाल्याला मात्र त्याआधी एक कोरडी, पत्र्याच्या छपराची, जमिनीपासून उंच खोली हवी आहे.