डच भाषेतील बलाघात आणि सूर

डच शब्दातील एक अक्षर इतरांहून ठसठशीत उच्चारले जाते, तो बलाघात. वाक्य बोलताना आवाज चढतो-उतरतो, तो सूर. दोन्ही बहुधा एकाच अक्षरावर ऐकू येतात, त्यामुळे ते एकच समजले जातात. प्रत्यक्षात बलाघाताची जागा शब्द ठरवतो. त्या जागी सूर हलवायचा की नाही, हे वाक्य ठरवते.

बलाघात सरकला की शब्दाचा अर्थ बदलू शकतो. ‘व्होरकोमन’ या क्रियापदात ‘व्होर’वर जोर दिला तर ‘घडणे, आढळणे’. ‘को’वर दिला तर ‘घडू न देणे’. लेखन एकच, गोंधळ होईल तिथे स्वरावर तिरकी खूण देतात.

‘यान क्वाम खिस्तरन’ म्हणजे ‘यान (माणसाचे नाव) काल आला’. ‘कोण आला?’ याचे हे उत्तर असेल, तर सूर ‘यान’वर हलतो आणि पुढे खालीच राहतो. मराठीत ‘यानच’ म्हणून जे साधते, ते इथे सुरावर सोपवलेले असते. तरीही ‘खिस्तरन’चे पहिले अक्षर आपला बलाघात सोडत नाही. सूर सपाट असला तरी ते लांबते आणि त्यातील उच्च कंप्रतांचा (वेगाने कंपणाऱ्या ध्वनिघटकांचा) जोर वाढतो. एकूण आवाज मोठा होणे ही त्यामानाने दुबळी खूण आहे.

सूर नुसता चढला म्हणून अक्षर उठून दिसत नाही. तो केव्हा चढतो याला महत्त्व आहे, आणि या विषयातील सर्वांत सुंदर शोध हाच म्हणावा लागेल. आइंडहोव्हन येथील आकलन-संशोधन संस्थेत ’ट हार्ट, कोलिए आणि कोहेन या संशोधकांनी बोलण्यातील सुराच्या वेड्यावाकड्या रेषांच्या जागी सरळ रेषा घालून ते बोलणे श्रोत्यांना ऐकवले. अक्षराच्या सुरुवातीलाच झालेला चढ त्या अक्षराला उठाव देतो. वाक्याच्या अगदी शेवटी उशिरा झालेला चढ उठाव न देता प्रश्नाची किंवा अपूर्णतेची जाणीव देतो. उताराचे उलट आहे: उठाव देणारा उतार अक्षरात उशिरा येतो. एका ठळक शब्दावर चढलेला सूर वरच राहून पुढच्या ठळक शब्दावर उतरला, की रेषा टोपीसारखी दिसते. म्हणून या आकृतिबंधाला ‘टोपी’ म्हणतात.

नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील लिंबुर्ग प्रांतात सूर शब्दातही शिरतो. रुरमोंडच्या बोलीत ‘बैन’ ओढत्या सुरात म्हटले तर एक पाय, तुटक सुरात म्हटले तर अनेक. हा भेदही बलाघात असलेल्या अक्षरावरच उमटतो.