फर्मी बुडबुडे

फर्मी बुडबुडे : आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातून निघून तिच्या तबकडीच्या दोन्ही बाजूंस, प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले, गॅमा किरण उत्सर्जित करणारे दोन प्रचंड फुगवटे. अमेरिकेत काम करणारे शास्त्रज्ञ डग्लस फिंकबायनर, मेंग सू आणि ट्रेसी स्लेटियर यांनी २०१० साली ते ओळखले. जून २००८ मध्ये अवकाशात सोडलेल्या फर्मी गॅमा किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून हा शोध लागला, म्हणून दुर्बिणीचेच नाव त्यांना मिळाले.

इतकी मोठी रचना इतकी वर्षे लपून राहिली, याचे कारण तिच्यासमोर पसरलेल्या अंधूक उजेडात आहे. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून वेगाने धावणारे विद्युतभारित कण, ताऱ्यांमधल्या वायूवर आदळतात, तेव्हा सगळ्या आकाशभर गॅमा किरणांचे धुके निर्माण होते. संशोधकांनी वायूच्या वितरणाचे नकाशे वापरून हे धुके वजा केले, तेव्हा कुठे खाली उरलेला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकार दिसू लागला. त्याची एक खूण मात्र आधीच सापडली होती. २००४ साली फिंकबायनर यांनीच डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या सूक्ष्मतरंग नकाशांत केंद्राभोवती एक अनपेक्षित चमक दाखवून दिली होती आणि पुढे प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांनी तिला दुजोरा मिळाला.

आकाशात हे दोन्ही फुगवटे मिळून कन्या राशीपासून दक्षिणेकडील बक तारकासमूहापर्यंत पसरतात. डोळ्यांना त्यांतले काही दिसत नाही, तरी त्यांची जागा नेमकी दाखवता येते आणि खानदेशातून ती विशेष सोयीची आहे. धुळे आणि जळगाव सुमारे २१° उत्तर अक्षांशावर आहेत, तर धनू राशीतील आकाशगंगेच्या केंद्राची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सुमारे २९° दक्षिण आहे. त्यामुळे मध्यमंडलावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येताना हे केंद्र दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४०° उंच असते. अक्षांश आणि क्रांती यांवरून उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनीय उंची) काढण्याची ही रीत याच भूमीत जतन झालेल्या गणिताचा भाग आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. मे महिन्याच्या मध्यास पहाटे पावणेतीनच्या सुमारास तोरणमाळच्या पठारावरून पाहिल्यास केंद्र दक्षिणेस असते, उत्तरेकडील फुगवट्याचे टोक पश्चिम-नैर्ऋत्येस अर्ध्या आकाशापर्यंत चढलेले असते आणि दक्षिणेकडील फुगवट्याचे टोक आग्नेय क्षितिजाला जेमतेम टेकलेले असते. म्हणजे ही रचना त्या वेळी जवळजवळ संपूर्णपणे क्षितिजाच्या वर असते.

फुगवट्यांच्या उगमाचा वाद मुळात त्यांच्या वयाचा वाद आहे आणि वय ठरते ते त्यांतील कोणते कण गॅमा किरण निर्माण करतात यावरून. हे कण इलेक्ट्रॉन असतील, तर ते ताऱ्यांच्या प्रकाशाला आणि विश्वाच्या पार्श्वप्रारणाला धडका देऊन त्यांचे गॅमा किरणांत रूपांतर करतात. या प्रक्रियेत वेगवान इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काही दशलक्ष वर्षांतच खर्च होते. म्हणून या पक्षात फुगवटे तरुण असावे लागतात आणि त्यांना जन्म देणारी घटनाही अचानक घडलेली, प्रचंड ऊर्जेची असावी लागते. केंद्रातील सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर, धनू अ*, आज अतिशय शांत आहे, पण पूर्वी कधी मोठ्या प्रमाणात वायू गिळताना त्याच्यातून झोत सुटले असतील, असे हे मत सांगते. याउलट गॅमा किरण प्रोटॉनांमुळे येत असतील, तर विरळ वायूत त्यांची ऊर्जा अब्जावधी वर्षे टिकते. मग एकाच मोठ्या उद्रेकाची गरज उरत नाही आणि केंद्राजवळ सतत जन्मणारे व अतिनवतारा होऊन फुटणारे तारे जो वारा उसळवतात, तोच फुगवटे भरण्यास पुरेसा ठरतो.

तरुण वयाची बाजू सध्या जड वाटते. हबल दुर्बिणीने फुगवट्यांमागील दूरच्या क्वेसारांचा (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचा) अतिनील प्रकाश तपासला, तेव्हा त्यातील शोषणरेषांवरून, म्हणजे वाटेतल्या वायूने प्रकाश शोषल्याच्या खुणांवरून, आतला थंड वायू सेकंदाला किमान ९०० किमी. वेगाने बाहेर पडत असल्याचे २०१५ मध्ये अनुमान निघाले. अधिक निरीक्षणांवरून २०१७ मध्ये या घटनेचे वय ६० ते ९० लाख वर्षे असावे असा अंदाज मांडला गेला. केंद्रापासून सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या मॅगेलन प्रवाहातील, म्हणजे मॅगेलन मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकांमागे पसरलेल्या पट्ट्यातील, वायूही, केंद्रातून सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी निघालेल्या तीव्र प्रारणाने आयनित झाल्यासारखा (अणूंतून इलेक्ट्रॉन निघाल्यासारखा) दिसतो. हे दोन आकडे जुळत नाहीत. तरीही दोन्ही कोट्यवधी नव्हे, तर लाखांच्याच पट्टीत येतात, हे माझ्या मते दुर्लक्षिण्याजोगे नाही. मात्र कृष्णविवराभोवतीच्या तरुण ताऱ्यांची चकतीही काही दशलक्ष वर्षांपूर्वीच जन्मली, त्यामुळे त्या काळात केंद्रात ताऱ्यांचाही सुकाळ होता. कृष्णविवर आणि तारे यांना एकमेकांपासून वेगळे करणे म्हणूनच कठीण जाते. दोन्हींना अन्न देणारा वायू एकच असू शकतो.

२०२० साली ई-रोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीने या फुगवट्यांना बाहेरून वेढणारे, प्रत्येकी सुमारे ४५,००० प्रकाशवर्षे पसरलेले आणखी दोन फुगे दाखवले. त्यांच्यात साठलेली ऊर्जा सुमारे एक लाख अतिनवतारा स्फोटांइतकी असल्याचा अंदाज आहे. त्याआधी २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीने केंद्रालगत सुमारे १,४०० प्रकाशवर्षे पसरलेले रेडिओ-बुडबुडे शोधले होते आणि त्याच वर्षी क्ष-किरणांत धुराड्यांसारखे दोन स्तंभही आढळले. लहान, मध्यम आणि मोठ्या अशा या रचना एकाच घटनेच्या खुणा मानाव्यात, की वेगवेगळ्या काळांतील उद्रेकांचे थर मानावेत, यावर मतैक्य नाही. क्ष-किरण फुग्यांच्या कडा आणि गॅमा किरणांच्या कडा एकाच झोताने घडवल्या असे दाखवणारी संगणकीय प्रतिमाने २०२२ मध्ये पुढे आली. उलट, संथ पण दीर्घकाळ वाहणाऱ्या वाऱ्याचीही प्रतिमाने आहेत.

आणखी एक अडचण उत्तर ध्रुवीय कंगोऱ्याची आहे. १९५० च्या दशकात रेडिओ नकाशांत आढळलेली ही वक्र पट्टी ई-रोसिटाच्या उत्तरेकडील फुग्याच्या कडेशी जुळते. तिचा काही भाग तरी आपल्यापासून काहीशे प्रकाशवर्षांवरच असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास तेवढा क्ष-किरण प्रकाश फुग्याच्या हिशेबातून वजा करावा लागेल. मग उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील भागांच्या तेजांतील फरकाचा अर्थही नव्याने लावावा लागेल.