ब्रुस्केतामधला टोमॅटो उशिरा आलाय

मागच्या महिन्यात घरी चार माणसं जेवायला होती म्हणून मी हौसेने स्टार्टरला ब्रुस्केता हा इटालियन पदार्थ केला. ब्रेड टोस्टरमधून काढला, वर टोमॅटो-कांदा-बेसिल रचलं, प्लेटा सजवल्या आणि नेमकी मावसभावाची गाडी ट्रॅफिकमधे अडकली. तो येईपर्यंत पाऊण तास गेला आणि ब्रेडचा पार लगदा. आई म्हणाली, "चव बरीये गं, पण हे काय चमच्याने खायचं?" आता इतका साधा पदार्थ, तो आपल्याकडून का बिघडावा, या रागात मी वाचायला बसले आणि बघते तर काय, मी ज्याला मेन समजत होते तो टोमॅटोच या पदार्थात मागून घुसलेला आहे.

आधी नाव बघा. आपल्याकडे कॅफेत सगळे ब्रुशेटा म्हणतात, मीही म्हणायचे, पण इटालियनमधे ते ब्रुस्केत्ता आहे. रोमच्या बोलीत 'ब्रुस्कारे' म्हणजे निखाऱ्यावर भाजणं, त्यावरून हे नाव. म्हणजे भाजलेला पाव. नावात टोमॅटो कुठेच नाही. शेजारच्या तोस्काना प्रांतात (आपण टस्कनी म्हणतो तो) याच गोष्टीला 'फेत्तुंता' म्हणतात, फेत्ता म्हणजे काप आणि उंता म्हणजे तेल लावलेली. झालं, तेलकट काप. तिथेही टोमॅटो नाही!

ही तेलकट काप जन्मली कुठे तर तेलाच्या घाण्यावर. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तिकडे ऑलिव्हची तोडणी चालते. तोडलेलं फळ फार दिवस ठेवता येत नाही, पडून राहिलं की आंबायला लागतं आणि तेलाला कुबट वास येतो, त्यामुळे सीझनमधे घाणे रात्रीसुद्धा चालायचे. बाहेर थंडी, आत कोपऱ्यात शेगडी पेटलेली, आपला माल आणून नंबर लावून बसलेले शेतकरी. कुणीतरी जाड काप कापून निखाऱ्यावर धरायचा, दोन्ही बाजूंनी चांगले काळपट डाग पडेपर्यंत, मग त्यावर लसणाची पाकळी घासायची, घाण्यातून उतरलेलं ताजं हिरवं तेल सढळ हाताने ओतायचं आणि चिमूटभर मीठ. हे ताजं तेल बाटलीतल्यासारखं गुळगुळीत नसतं, ते घशाला चरचरतं, कधीकधी खोकला येतो, आणि ती चरचर म्हणजे तेल चांगलं असल्याची खूण धरतात. तेल कसं उतरलंय ते चाखायचं तर नुसतं कसं पिणार, म्हणून पाव. पाव हा इथे चमचा आहे, असं म्हणा ना.

बरं, तोस्कानाच्या पावात मीठच नसतं. का नसतं यावर तिकडे गोष्टी बऱ्याच सांगतात, पिसाच्या लोकांनी मिठाची वाट अडवली, मिठावर कर फार होता वगैरे, पण ते सोडा. महत्त्वाचं हे की हा अळणी पाव नुसता खायला फिक्का लागतो आणि वरच्या तेल-मिठाची चव मात्र खुलवतो. आणि तो दोन-तीन दिवसांत दगडासारखा होतो, पण टाकून कोण देणार, म्हणून तिथल्या अर्ध्या स्वयंपाकाचा पाया शिळा पाव. भाजून खा, सूपमधे घाला, पाण्यात भिजवून पिळून सॅलड करा. माझ्या आज्जीचा शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि हे, मला काही लांबचं वाटत नाही.

आता खरी गंमत, जी माझ्या डोक्यात कॅलेंडर समोर ठेवल्यावर शिरली. ताजं तेल नोव्हेंबरात येतं. शेतातला रसरशीत टोमॅटो जुलै-ऑगस्टचा. म्हणजे ज्या पावावर नवं तेल चाखायचे त्यावर ताजा टोमॅटो असणं शक्यच नव्हतं, दोघांची गाठच पडत नाही. पाव-लसूण-तेल हा थंडीतला खेळ, टोमॅटो उन्हाळ्यातला. ते एकत्र यायला बराच काळ जावा लागला.

टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातला, शेतीत रुळला मेक्सिकोत, आणि तिथल्या नाहुआतल भाषेतल्या तोमात्ल वरून टोमॅटो हे नाव आलं. १५२१ मधे स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोची राजधानी जिंकली आणि त्यानंतर हे फळ कधीतरी जहाजातून युरोपात उतरलं. १५४४ मधे मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने त्याबद्दल लिहिलं आणि त्याला ते काय वाटलं माहितीये? वांग्याचा एक प्रकार! चपटं, फोडी पडल्यासारखं, पिकल्यावर लाल नाहीतर सोनेरी, आणि लोक ते वांग्यासारखंच मीठ-मिरपूड घालून तेलात तळून खातात असं तो म्हणतो. दहा वर्षांनी त्याने नाव दिलं 'सोन्याचं फळ', तेच आजचं पोमोदोरो. हे वाचून मला एकदम आठवलं की आपल्याकडे जुनी माणसं टोमॅटोला बेलवांगी म्हणायची, आणि बंगालीत त्याला बिलाती बेगुन म्हणजे विलायती वांगं म्हणतात. म्हणजे इटलीतल्या वैद्याला जे दिसलं तेच आपल्या लोकांनाही दिसलं, आणि दोघांचंही चूक नाही, वांगं आणि टोमॅटो खरंच एकाच कुळातले. त्याच कुळात बेलाडोनासारखी विषारी झाडंही आहेत म्हणून युरोपात बऱ्याच लोकांनी टोमॅटो तोंडात घालायचं टाळलं, बागेत शोभेला लावला.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. ३१ ऑक्टोबर १५४८, फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची पिसाला होता आणि त्याच्या फ्लॉरेन्सजवळच्या मळ्यातून टोमॅटोची टोपली आली. कारभाऱ्याने सेक्रेटरीला पत्र पाठवून कळवलं की टोपली सुखरूप पोचली. एवढंच. टोपली सुखरूप पोचली हे पत्रात लिहिण्याइतकी ती अपूर्वाई होती, आणि आज आपण पिशवीत तळाशी दबलेले टोमॅटो चिडून भाजीवाल्याला दाखवतो.

आणि याच कोझिमोच्या दरबारात ब्रोन्झिनो नावाचा चित्रकार होता, त्याने कांद्याच्या कौतुकात एक लांबलचक कविता लिहिली (हो, कांद्याच्या). त्यात पावासोबत कांदा, घोळाची भाजी आणि काकडी यांच्या सॅलडची तारीफ आहे. आज तोस्कानात शिळ्या पावाचं जे पान्झानेल्ला नावाचं सॅलड मिळतं त्याचाच हा पूर्वज मानतात, आणि आजच्या पान्झानेल्लात टोमॅटो नसेल तर लोक तोंड वाकडं करतील. त्या कवितेत मात्र टोमॅटोचं नाव नाही. मालकाच्या घरी टोपली पोचली होती, चित्रकाराच्या ताटात पोचली नव्हती.

ताटात पोचायला दक्षिण इटलीतलं नेपल्स लागलं. नेपल्सवर तेव्हा स्पॅनिश सत्ता होती, त्यामुळे तिथे हे फळ लवकर रुळलं असावं असं मला वाटतं. तिथे अंतोनियो लातिनी नावाचा मोठ्या घराचा कारभारी होता, त्याचं स्वयंपाकाचं पुस्तक १६९२ मधे यायला लागलं आणि त्यात 'स्पॅनिश पद्धतीचा' टोमॅटो सॉस आहे. कृती ऐका: टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, सुरीने बारीक चिरायचे, त्यात बारीक कांदा, मिरची, थोडी रानटी ओव्यासारख्या पाल्याची चव, मग मीठ, तेल, व्हिनेगर. हे तर आपलं भाजलेल्या टोमॅटोचं भरीत झालं की! फक्त कोथिंबीर राहिली. तिकडे ते उकडलेल्या मांसाबरोबर वाढायचे.

पावावर टोमॅटो ही कल्पना मात्र एकाच जागी सुचली नाही, भूमध्य समुद्राभोवती ठिकठिकाणी सुचली. इटलीच्या टाचेला पुलिया प्रांत आहे, तिथे दोनदा भाजलेली कडक फ्रिसेल्ले असतात, आपल्या टोस्ट-खारीच्या जातीची पण जाड, ती पाण्यात क्षणभर बुडवून वर टोमॅटो चुरडतात. क्रीट बेटावर सातूच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि चीज, त्याला दाकोस म्हणतात. माल्टामधे पावाला टोमॅटो चोळून तेल घालतात. आणि कॅटलोनियात, म्हणजे बार्सिलोनाकडे, पा आम्ब तोमाकेत, ज्याचा लेखी उल्लेख १८८४ चा दाखवतात. तिथे टोमॅटो चिरत नाहीत हो, अर्धा कापून पावावर घासतात, गर आणि रस पावात जिरतो आणि हातात नुसतं साल उरतं.

त्या घासायच्या टोमॅटोची जात वेगळी, 'लटकवायचे टोमॅटो' असंच नाव. दोरीत ओवून घडासारखे टांगून ठेवतात, साल जाड असतं म्हणून थंडीतही महिनोन्महिने टिकतात. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावरचे पियेन्नोलो टोमॅटोही असेच घडाने टांगतात. म्हणजे मघाशी म्हटलं की टोमॅटो आणि नव्या तेलाची गाठ पडत नाही, तर अशा टांगलेल्या टोमॅटोंनी ती काही ठिकाणी पाडली. आपल्याकडे ओसरीवर लसणाच्या वेण्या टांगतात, तसंच दिसत असेल.

मग हा गरिबाचा घास हॉटेलात कसा आला? तोस्काना-उम्ब्रियात पूर्वी बरीच शेती आपल्याकडच्या अर्धेलीसारखी चालायची, कुळाने राबायचं आणि निम्मं पीक मालकाला. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं शहरात, कारखान्यांत गेली, १९६४ मधे कायद्याने असे नवे करार बंद झाले. गाव सुटलं की गावचं खाणं गोड लागतं. जे घरी नाइलाज म्हणून खाल्लं तेच त्रात्तोरियात, म्हणजे साध्या घरगुती खानावळीत, पैसे देऊन मागायला लागले. पुढे टूरिस्ट आले, ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत इटालियन रेस्टॉरंटांची लाट आली, आणि तिथे टोमॅटोवालं व्हर्जनच इतकं चाललं की आज तिकडे बरणीत भरलेल्या टोमॅटोच्या मिश्रणालाच ब्रुस्केता म्हणतात. पाव गायब! भाजीवाल्याकडे जाऊन बटाट्याच्या भाजीला वडापाव म्हणण्यासारखं आहे हे.

आपल्याकडे यातलं काय काय कधी आलं तेही बघायला हवं, कारण सामान सगळं ओळखीचं निघतं. पाव पोर्तुगीजांचा, शब्दसुद्धा त्यांच्या पाँव वरून. १५१० ला ते गोव्यात आले, इथे यीस्ट नव्हतं तर माडाच्या सुरेवर पीठ फुगवलं, आणि गोव्याच्याच सासष्टी तालुक्यातली माणसं या कामात तरबेज झाली, त्यातले पुष्कळ नंतर मुंबईत बेकऱ्यांवर आले. गोव्यात पावाला येणारा तो सायकलवाला पोदेर, तोही पोर्तुगीज पादेइरो. टोमॅटोही पोर्तुगीजांच्याच वाटेने आला असं धरतात. बेसिल तर उलट इकडूनच तिकडे गेलेलं, आशियातलं झाड, आपल्या तुळशीचं चुलत भावंड. फालूद्यात जो सब्जा घालतो ना, ते या बेसिलचंच बी. कुंडीत मूठभर सब्जा पेरला की बेसिल येतं, सुपरमार्केटात चार काड्यांना शंभर रुपये देऊ नका.

एवढं वाचल्यावर माझी चूक कळली. मी सगळं लक्ष टोमॅटोवर दिलं आणि पाव पांढरा, मऊ, स्लाइसवाला. या पदार्थात भाजणं हेच काम आहे. खरपूस, खरबरीत झालेला पाव किसणीसारखा वागतो, लसणाची पाकळी त्यावर फिरवली की ती झिजताना दिसते आणि वास थेट नाकात जातो, मऊ ब्रेडवर ती नुसती घसरते. शिवाय तेल आधी लावलं की वरच्या पाण्याला थोडा आडोसा होतो. आणि टोमॅटोला मीठ लावलं की त्याला पाणी सुटणारच, काकडीच्या कोशिंबिरीत सुटतं तसं, तर ते दहा मिनिटं चाळणीत ठेवायचं, रस खाली वाटीत धरायचा (तो टाकायचा नाही, बियांभोवतीच्या त्या बुळबुळीत गरातच जास्त चव असते) आणि रचायचं अगदी खाताना. टोमॅटो फ्रीजमधले नकोत, गारठ्यात त्यांचा वास मरतो. बाजारातले लांबट कडक हायब्रीड प्रवासासाठी बनलेत, गावरान मिळाले तर ते घ्या, आंबट असले तरी रस आहे.

पुढच्या वेळी मी कडक कवचाचा ब्रून पाव आणला, आडवा कापला, पापड भाजायच्या जाळीवर थेट गॅसवर धरला, कडा जरा जळल्या पण जळू दिल्या. मावसभाऊ याही वेळी उशिरा आला, तोपर्यंत पाव एका ताटात आणि टोमॅटो वेगळ्या वाडग्यात, कुणाला घाई नव्हती. आईने एक तुकडा उचलला, लसूण घासला, माझ्या महागाच्या ऑलिव्ह ऑइलकडे बघितलंसुद्धा नाही, ओट्यावरची घाण्याच्या शेंगदाणा तेलाची बाटली घेतली, वर मीठ, वर चिमूटभर लाल तिखट. टोमॅटो घेतलाच नाही. "हे बरंय," म्हणाली आणि दुसरा तुकडा भाजायला गॅसकडे गेली.