काटा, खिळा आणि धनुर्वात

मागच्या एप्रिल छाटणीच्या वेळी निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत शेणखत भरायचं काम चालू होतं. पेठ तालुक्यातून कामाला आलेल्या एका माणसाच्या टाचेत बाभळीचा काटा खोल घुसला. मी म्हणालो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. त्यावर बागेतले जाणते म्हणाले, "लोखंड कुठं लागलंय? काट्यानं काय होतंय!" तो माणूस संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आला, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. शिकलेल्या घरांतही हा समज तितकाच पक्का आहे: गंजकं लोखंड लागलं तरच धनुर्वात, बाकी सगळं हळद दाबून बरं होतं.

गंजाने धनुर्वात होत नाही. तो 'क्लॉस्ट्रिडियम टेटानी' नावाच्या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू मातीत, शेणात, घोड्याच्या लिदीत बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहतो. बीजाणू म्हणजे जाड कवच पांघरून झोपलेला जिवाणू. उकळत्या पाण्यालाही तो दाद देत नाही, त्यासाठी ऑटोक्लेव्हमधली (अवजारं निर्जंतुक करायच्या दाबाच्या भांड्यातली) १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते. मात्र जागा झाल्यावर त्याला ऑक्सिजन सोसत नाही. वरवर खरचटलेल्या, हवा लागणाऱ्या जखमेत त्याचं फारसं चालत नाही. अरुंद आणि खोल जखम, आत अडकलेली माती, थोडं मेलेलं मांस, असं मिळालं की तो अंकुरतो. गंजका खिळा बदनाम झाला तो मातीत पडलेला असतो म्हणून. बाभळीचा काटाही मातीतच पडलेला असतो.

आता यातला मला सगळ्यात थक्क करणारा भाग. जिवाणू जखमेतच राहतो, पुढे जातं ते त्याचं विष, टेटॅनोस्पाझमिन. साठ किलोच्या माणसाचा जीव घ्यायला ते सुमारे १५० नॅनोग्रॅम पुरतं. मिठाच्या एका कणाचे काहीशे भाग केले तर त्यातला एक! हे विष स्नायूजवळच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि तंतूच्या आतून उलट्या दिशेने, स्नायूकडून मज्जारज्जूकडे प्रवास करतं.

तिथे काय असतं? आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, पण त्याच क्षणी मागच्या स्नायूला सैल सोडावं लागतं. नाहीतर दोघांची रस्सीखेच होईल. हे सैल सोडणं आपोआप होत नाही. मज्जारज्जूत खास आवरणाऱ्या पेशी असतात आणि त्या ग्लायसिन व गाबा ही रसायनं सोडून स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीला थोपवतात. बैलाचा कासरा ओढून धरावा तसं. ही रसायनं पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत भरलेली असतात. पिशवी पेशीच्या पडद्याला चिकटली की रसायन बाहेर पडतं. चिकटण्यासाठी पिशवीवर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन लागतं. धनुर्वाताचं विष म्हणजे जस्त बाळगणारं एक विकर (एन्झाइम), आणि ते नेमकं हेच प्रथिन एका ठरावीक जागी कापतं. हे १९९२ मध्ये उलगडलं. विकर असल्यामुळे विषाचा एक रेणू एकामागून एक प्रथिनं कापत सुटतो. बॉट्युलिनम या त्याच्याच जातभाई जिवाणूचं 'बी' प्रकारचं विष तर हेच प्रथिन अगदी त्याच जागी कापतं, पण ते स्नायूपाशीच थांबतं, म्हणून स्नायू लुळे पडतात. धनुर्वाताचं विष पुढे जाऊन कासराच तोडतं, म्हणून स्नायू ताठतात. कात्री तीच, कापायची जागा तीच, आणि परिणाम पार उलटा!

एवढं कळलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. रक्तातून पसरलेलं विष आखूड मज्जातंतूंतून आधी पोहोचतं, म्हणून सुरुवात जबड्यापासून. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट, म्हणून दातखीळ. मग मान, पाठ, पोट. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंवर मात करतात आणि शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. दार आपटलं, दिवा लावला, तरी झटका येतो. आणि या सगळ्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो.

अशा माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवत बसणं, 'बाहेरचं' म्हणून भगताकडे नेणं, यात त्याचा जीव जातो. एकेकाळी विळ्याने नाळ कापलेली, नाळेवर शेण लावलेली बाळं आठवड्याभरात ताठून जात आणि लोक सटवाईचा कोप म्हणत. ते थांबलं गरोदरपणातल्या लशीने आणि निर्जंतुक ब्लेडने. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. उच्चाटन म्हणजे दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. जिवाणू मातीत आहे तिथेच आहे.

पेशीत शिरलेल्या विषाला कोणतंही औषध गाठू शकत नाही. मज्जातंतूंना नवी टोकं फुटेपर्यंत अनेक आठवडे अतिदक्षता विभागात काढावे लागतात. शिवाय हा आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, कारण मारायला पुरणारं विष शरीराला ओळख पटण्याइतकंही नसतं. बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते.

लशीत हेच विष फॉर्मॅलिनने निष्प्रभ करून दिलेलं असतं. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. 'चोवीस तास उलटले, आता उपयोग नाही' हे चूक आहे. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांनी दिसतात, त्यामुळे उशीर झाला तरी जावं. 'दर सहा महिन्यांनी एक' हेही चूक. पूर्वीचे डोस पुरे असतील तर साध्या जखमेला १० वर्षं आणि मातीने माखलेल्या जखमेला ५ वर्षं पुन्हा टोचायची गरज नसते. उगाच वारंवार घेतलं तर दंड जास्त सुजतो. ज्याने कधीच लस घेतलेली नाही, त्याच्या शरीराला प्रतिपिंडं (विषाला निकामी करणारी प्रथिनं, अँटिबॉडी) बनवायला काही आठवडे लागतात. म्हणून घाणेरड्या जखमेत त्याला तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही दुसऱ्या जागी देतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुणं तर सगळ्यात आधी.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावं. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला तर लगेच सांगावं. दंड एक-दोन दिवस दुखतो, किंचित ताप येतो, कधी छोटी गाठ काही आठवडे राहते. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, हात हलता ठेवावा, चोळू नये, शेकू नये. गरज वाटली तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

काटा लागलेल्या त्या माणसाने पूर्वी कधी लस घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याला एप्रिलात पहिला डोस मिळाला. दुसरा चार आठवड्यांनी, त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात घ्यायचा. तिसरा त्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबरात. तोवर तो ऑक्टोबर छाटणीच्या कामाला परत निफाडलाच आलेला असेल, म्हणून ती तारीख बागेच्या मालकाने शेडमधल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.