दूध कमी झालंय आणि दिवस गेल्याची शंकाही आहे? मग आधी टेस्ट, नंतर पंप

रात्रीचे तीन. पंप लावून बसलेय, वीस मिनिटं झाली तरी बाटलीतलं दूध ४० मिलीच्या रेषेवर सरकायला तयार नाही, आणि मागच्याच महिन्यात याच वेळेला १०० मिली आरामात निघत होतं. बाळ नऊ महिन्यांचं. मग काय, सगळ्या करतात तेच मीही केलं, पंपिंग वाढवलं, पाण्याची बाटली सतत जवळ ठेवली, मेथीदाण्याच्या कॅप्सूल मागवल्या आणि स्वतःला दोष देणं तर चालूच होतं. बाळंतपणानंतर पाळी परत सुरूच झाली नव्हती, त्यामुळे ती चुकली असं वाटायचा प्रश्नच नव्हता. पण पुढे निपल इतके दुखायला लागले की बाळाने तोंड लावलं की मी दातओठ आवळून बसायचे, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. टेस्ट केली तर दोन रेघा.

अंगावर पाजतोय म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं बऱ्याच जणींना वाटतं. हे खरं आहे पण फक्त तीन अटी एकदम पाळल्या जात असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध पितंय आणि पाळी परत आलेली नाही. तिन्ही असतील तर ९८ टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळतं, एक जरी सुटली की भरवसा संपला. शिवाय बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते, म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात. लघवीची टेस्ट एचसीजी नावाचं हार्मोन शोधते आणि पाजण्याने तिच्यात काही गडबड होत नाही. पाळीचा अंदाजच नसेल तर शेवटच्या संबंधानंतर २१ दिवस जाऊ द्यायचे, सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करायची, निगेटिव्ह आली आणि शंका जात नसेल तर आठवड्याने पुन्हा.

टेस्टसाठी एवढी घाई का, ते दूध कसं बनतं हे बघितलं की कळतं. बाळ ओढायला लागलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी दोन हार्मोन सोडते, प्रोलॅक्टिन दूध बनवायला लावतं आणि ऑक्सिटोसिन पान्हा फोडतं. पण रोज किती बनायचं हा हिशोब बराचसा स्तनातच होतो. स्तन भरलेला राहिला की दूध बनायचा वेग मंदावतो, रिकामा झाला की वाढतो, आणि हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं चालतं, म्हणून एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असं होऊ शकतं. ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप करून दाखवलंय की बाळ एका वेळी उपलब्ध दुधापैकी सरासरी ६७ टक्केच पितं, म्हणजे पोट भरलं तरी थोडं उरतंच. दूध वाढवायचा भरवशाचा उपाय यातूनच निघतो: जास्त वेळा पाजा, पाजताना स्तन हाताने हलके दाबत राहा, नंतर पाच-दहा मिनिटं पंप लावा, रात्रीची एखादी वेळ चुकवू नका.

दिवस गेले असतील तर मात्र गणितच बदलतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन चढायला लागतात आणि ही जोडी दूध बनवण्याला लगाम घालते. पहिल्या बाळंतपणात खरं दूध उतरायला दोन-चार दिवस लागतात तेही याचमुळे, वार पडली की प्रोजेस्टेरॉन धाडकन खाली येतं आणि मगच दूध सुटतं. आणि गंमत म्हणजे गरोदरपणात प्रोलॅक्टिन कमी नसतंच, उलट महिन्यागणिक वाढत जातं. म्हणजे ब्रेक लागलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबत बसण्यासारखं आहे हे. डोमपेरिडोनसारखी गोळी प्रोलॅक्टिनच वाढवते, मग इथे ती काय करणार? शिवाय तिचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००४ मध्येच दूध वाढवायला ती वापरू नका असा इशारा दिलाय. मेथीचा तर पुरावा मुळातच कच्चा, आणि औषधासारख्या मोठ्या डोसात ती गरोदरपणात टाळायलाच सांगतात. माझ्या कॅप्सूल तशाच डब्यात राहिल्या.

आता टेस्ट निगेटिव्ह आली तर? पाळी परत सुरू होताना काही दिवस दूध कमी झाल्यासारखं वाटतं आणि मग आपोआप सावरतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दूध कमी करू शकतात, आणि सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनही (हे बहुतेकींना माहीतच नसतं, पाकिटावर बघा). थायरॉईडही एकदा तपासून घ्यावं. आणि कित्येकदा दूध कमी झालेलंच नसतं, स्तन मऊ पडले किंवा पंपात कमी आलं म्हणजे दूध आटलं असं नाही, पंप काही बाळाइतका हुशार नसतो. खरा पुरावा बाळाकडे, वजन वाढतंय का आणि पुरेशी शू होतेय का, लहान बाळाला पहिल्या आठवड्यानंतर २४ तासांत निदान सहा चांगली ओली लंगोटं हवीत.

दिवस गेलेच असतील तर लगेच पाजणं थांबवायची गरज नाही. पाजताना ऑक्सिटोसिन सुटतं म्हणून गर्भपात होईल ही भीती खूप पसरलेली आहे, पण सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशय त्याला फारशी दाद देत नाही आणि सगळं सुरळीत असलेल्या गरोदरपणात पाजल्याने धोका वाढतो असं दिसलेलं नाही. रक्तस्राव होत असेल, जुळी असतील किंवा आधी वेळेपूर्वी कळा येऊन गेल्या असतील तर मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

बाळाचं वय इथे फार महत्त्वाचं. दीड वर्षाचं मूल बाकीचं जेवून भागवेल, पण वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य अन्न अजून दूधच असतं, तिथे वजनावर लक्ष ठेवून वेळेत फॉर्म्युला सुरू करायला लागतो आणि यात हार मानण्यासारखं काही नाही. आम्ही अकराव्या महिन्यात सुरू केला. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बऱ्याच जणींचं दूध चांगलंच कमी होतं, चवही बदलते, साखर कमी आणि मीठ जास्त, काही मुलं तिथेच तोंड फिरवतात. पुढे दुधाचा चीक होतो, मोठं मूल पितच राहिलं तर त्याची शी थोडी पातळ होते, आणि त्याने पिऊन चीक संपत वगैरे नाही. फक्त बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस आधी नव्या बाळाला पाजायचं, मग मोठ्याला.