सरयूच्या बगडावर: कुमाऊंच्या जत्रांची पार्श्वभूमी

उत्तराखंडच्या कुमाऊं भागात जत्रेला 'कौतिक' म्हणतात. सगळ्यात मोठं कौतिक बागेश्वरचं, मकरसंक्रांतीला भरणारं, त्याचं नाव उत्तरायणी. सरयू आणि गोमती यांचा तिथे संगम आहे, संगमावर बागनाथाचं म्हणजे शंकराचं देऊळ आहे, आणि नदीकाठी रेती-गोट्यांचं एक मोकळं पटांगण आहे. या पटांगणाला बगड म्हणतात. पहाटेच्या कडाक्यात स्नान, मुलांच्या मुंजी, बागनाथाला जल, मग बाजार, आणि रात्री गाणी. वरवर पाहिलं तर कुठल्याही तीर्थावर चालतं तेच. पण बातम्यांत 'ऐतिहासिक उत्तरायणी मेळा' असा उल्लेख येतो तेव्हा त्या 'ऐतिहासिक'मागे दोन वेगळ्या गोष्टी असतात: तिबेटशी चालणारा व्यापार आणि १९२१ साल. देऊळ या दोन्हींहून जुनं आहे. कुमाऊंवर राज्य करणाऱ्या चंद घराण्यातल्या लक्ष्मीचंद राजाने ते १६०२च्या सुमारास बांधल्याचं सांगतात. पण एका देवळामुळे एवढी माणसं दरवर्षी, तीही ऐन हिवाळ्यात, एका नदीकाठी का जमली असती, हे नुसत्या भक्तीने समजत नाही.

आधी पंचांगाचं बघू. आपल्याकडे संक्रांत सोडली तर जवळजवळ सगळे सण तिथीवर चालतात, म्हणून ते इंग्रजी तारखांत पुढेमागे सरकतात. कुमाऊंत महिने सौर आहेत. सूर्य राशीत शिरला की महिना लागतो, आणि तो पहिला दिवस बहुधा सणाचा असतो. फूलदेई मीन संक्रांतीला, बिखौती मेष संक्रांतीला, हरेला कर्क संक्रांतीला, घी-संक्रांत सिंह संक्रांतीला. जत्राही याच दिवसांना चिकटलेल्या आहेत: थलची आणि द्वाराहाटची वैशाखात, जौलजीबीची मार्गशीर्ष संक्रांतीला म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर, बागेश्वरची जानेवारीत. ज्यांना खिंडी ओलांडून, मेंढ्यांचे कळप हाकत, आठवडेच्या आठवडे चालत यायचं आहे, त्यांना असा न हलणारा दिवस फार सोयीचा. पंचांग व्यापाऱ्यांसाठी बनलं असं मी म्हणत नाही. पण व्यापाऱ्यांनी ते छान वापरलं.

हे व्यापारी म्हणजे जोहार, दारमा, ब्यांस आणि चौदांस या उंच खोऱ्यांतले भोटिया. त्यांना शौका असंही म्हणतात. उन्हाळ्यात मिलमसारख्या वरच्या गावांत मुक्काम, मग तिबेटच्या मंड्यांकडे प्रयाण, आणि बर्फ पडायच्या आत खाली उतरून मुनस्यारी, धारचुला आणि त्याहून सखल खोऱ्यांत हिवाळा. जोहारवाले ऊंटाधुराची खिंड आणि तिच्यापुढच्या आणखी दोन खिंडी ओलांडून ग्यानिमाच्या मंडीला जात. ब्यांसवाले लिपुलेखवरून तकलाकोटला. वर जाताना धान्य, गूळ, कापड, तंबाखू. येताना मीठ, लोकर, टाकणखार, कधी घोडे. ओझं वाहायला शेळ्या-मेंढ्या, त्यांच्या दोन्ही अंगांना लटकवलेल्या छोट्या पिशव्या. त्या उंचीवर, त्या वाटांवर ही मेंढी खेचरापेक्षा भरवशाची, आणि शिवाय वाटेत स्वतःच चरून पोट भरणारी. तिबेटातल्या प्रत्येक व्यापाऱ्याशी नातं ठरलेलं असे. त्याला 'मित्र' म्हणत, आणि ही मैत्री बापाकडून मुलाकडे जाई. जाता जाता: १८६५-६६ मध्ये नकाशासाठी अंतर मोजायला ल्हासापर्यंत पावलं मोजत गेलेला नैनसिंह रावत याच जोहारचा, मिलमचा. सर्व्हे ऑफ इंडियाला असा माणूस याच खोऱ्यात मिळाला यात नवल नाही. तिबेटची वाट आणि भाषा तिथल्या पोरांना घरीच शिकायला मिळत होती.

आता जत्रांच्या तारखा या फिरतीवर ठेवून पाहा. नोव्हेंबरात व्यापारी माल घेऊन खाली उतरलेले असतात, तेव्हा काली आणि गोरी यांच्या संगमावर जौलजीबी. जानेवारीत ते आणखी खालच्या खोऱ्यांत असतात, तेव्हा बागेश्वर. वैशाखात पुन्हा वर चढायची तयारी, तेव्हा थल. जौलजीबीची जत्रा तर अस्कोटच्या पाल राजांनी १९१४च्या सुमारास सरळसरळ व्यापारासाठी भरवायला सुरुवात केली. संगम आणि महादेव तिथे आधीपासून होते, बाजार नंतर आला. कालीच्या पलीकडे नेपाळ, त्यामुळे तिथले लोकही तूप, मध, घोडे घेऊन येत. सोरच्या, म्हणजे पिथोरागढकडच्या, आणि अल्मोड्याच्या शेतकऱ्याला वर्षाचं मीठ आणि लोकर घ्यायला हीच ठिकाणं.

बागेश्वरच्या बाजारात खालच्या बाजूचाही माल असे. दानपूरच्या रिंगाळाच्या, म्हणजे बारीक डोंगरी बांबूच्या, टोपल्या आणि चटया, तांब्याच्या गागरी आणि परातींसह बरीच भांडी, शौकांचे थुलमे आणि चुटके (लोकरीची जाड पांघरुणं) आणि दन (लोकरी गालिचे), भोटिया कुत्र्यांची पिल्लं. तांब्याची भांडी घडवणारे टम्टा हे शिल्पकार या कुमाऊंतल्या दलित समाजातले, आणि ज्या ढोल-हुडक्यांवाचून कौतिक सुरू होत नाही ते वाजवणारेही बहुतेक याच समाजातले. जत्रांच्या वर्णनांत राजे, देव आणि पुढारी यांना भरपूर जागा मिळते. या लोकांना एखाद्या वाक्याची मिळते, आणि मीही इथे त्याहून जास्त देऊ शकलेलो नाही.

रात्री झोडा आणि चांचरी, म्हणजे हातात हात गुंफून गोलात नाचत म्हटलेली गाणी. त्याहून मजेदार प्रकार 'बैर'. दोन गायक, बैरिये, पद्यातच एकमेकांना प्रश्न टाकतात आणि पद्यातच उत्तरं देतात. विषय पुराणापासून सरकारपर्यंत काहीही, हरेपर्यंत किंवा उजाडेपर्यंत. वर्तमानपत्र न पोचणाऱ्या गावांत बातमी आणि टीका अशीच पोचत असणार.

घरोघरी संक्रांतीचा सण मात्र मुलांचा. गूळ घालून मळलेल्या कणकेचे 'घुघुते' तळायचे, त्यांची माळ मुलांच्या गळ्यात घालायची, आणि सकाळी मुलांनी अंगणातून ओरडायचं, 'काले कौवा काले, घुघुति माला खाले'. कावळा आला पाहिजे. यातही सरयू मध्ये येते: नदीच्या एका बाजूची गावं घुघुते पौषाच्या शेवटच्या दिवशी करतात, दुसऱ्या बाजूची संक्रांतीच्या दिवशी. एकाच सणाचे नदीने दोन दिवस केले.

आता १९२१कडे. गोरखे १७९० साली कुमाऊंत आले आणि १८१५ साली इंग्रजांनी त्यांना घालवलं. नव्या राज्यकर्त्यांनी जुन्या राजवटींची एक सोय मात्र जपली आणि ती नीट कागदावर आणली: सक्तीची हमाली. तिचे तीन प्रकार होते. बेगार म्हणजे फुकट ओझं वाहणं. उतार म्हणजे नावापुरती मजुरी देऊन, पण नाही म्हणायची मुभा नसलेलं ओझं. आणि बर्दायश म्हणजे दौऱ्यावर आलेल्या साहेबाला दूध, लाकूड, गवत, धान्य पुरवणं. साहेब दौऱ्यावर निघाला, शिकारीला निघाला, की गावाने माणसं द्यायची. कुणाची पाळी कधी, हे गावच्या प्रधानाकडच्या रजिस्टरात लिहिलेलं. पेरणी असो, घरात आजारी माणूस असो, पाळी आली की जायचं. कुमाऊंचा कमिशनर ट्रेल याने १८२२ मध्ये खेचरांचा पर्याय पुढे केला होता. तो टिकला नाही. माणसं खेचरांपेक्षा स्वस्त पडत होती.

विरोध गावोगाव, तुकड्यातुकड्यांत, अनेक वर्षं चालू होता. त्याला आवाज दिला अल्मोड्याच्या छापखान्यांनी. १८७१ पासून निघणारं 'अल्मोडा अखबार' बद्रीदत्त पांडे यांच्या संपादकत्वाखाली इतकं तिखट झालं की १९१८ मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी दसऱ्याला पांडे यांनी 'शक्ति' साप्ताहिक सुरू केलं. दरम्यान १९१६ मध्ये कुमाऊं परिषद स्थापन झाली होती. आधी अर्ज-विनंत्या करणारी ही परिषद १९२० अखेरपर्यंत थेट नकाराच्या भाषेवर आली.

इथे नागपूर येतं. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला. कुमाऊंतले पुढारी तिथे गेले होते. त्यांनी गांधींना गाठून बेगारीची हकिगत सांगितली आणि बागेश्वरला येण्याची विनंती केली. गांधींना येणं जमणार नव्हतं. पुढारी नागपुराहून परतले आणि जानेवारीत सरळ उत्तरायणीच्या जत्रेत उतरले. एवढ्या लवकर दुसरी कुठलीही सभा भरवणं अशक्य होतं. दानपूर, कत्यूर, जोहार, गंगोली इथल्या विखुरलेल्या गावांना निरोप धाडायलाच महिने गेले असते. उत्तरायणीला मात्र ती सगळी आपणहून आलेली होती. मुख्य म्हणजे गावांचे प्रधानही आले होते.

१३-१४ जानेवारीला सरयूच्या बगडावर हजारोंच्या सभा झाल्या. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आणि चिरंजीलाल पुढे होते. डेप्युटी कमिशनर डायबल स्वतः जत्रेत हजर होता. पुढाऱ्यांना निघून जाण्याची ताकीद देण्यात आली, ती कुणी मानली नाही, आणि एवढ्या गर्दीपुढे त्याच्या हाताशी पोलीस मोजकेच होते. लोकांनी बागनाथाच्या साक्षीने, सरयूचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली की यापुढे बेगार देणार नाही. मग प्रधानांनी रजिस्टरं आणून संगमाच्या पाण्यात सोडली. त्यानंतर गावं शपथेला चिकटून राहिली आणि कुमाऊंत ही पद्धत पुन्हा उभी राहिली नाही. पांडे यांना 'कुमाऊं केसरी' म्हणू लागले. गांधी अखेर १९२९ मध्ये आले, कौसानीला राहिले आणि बागेश्वरलाही जाऊन आले.

शपथेचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काँग्रेसचा ठराव कुणीही विसरला असता. बागनाथासमोर, संक्रांतीच्या दिवशी, सरयूचं पाणी हातात घेऊन दिलेला शब्द मोडणं डोंगरी माणसाला शक्य नव्हतं. पुढाऱ्यांनी धर्माचा वापर केला असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते उलटं दिसतं. लोकांकडे वचन देण्याची एक रीत होती, आणि त्यांनी राजकारण त्या रीतीत बसवून घेतलं. आजही उत्तरायणीला राजकीय पक्ष बगडावर आपापले मंडप टाकतात. तिथली भाषणं ऐकून १९२१ आठवेलच असं नाही.

सगळ्याच जत्रांचा इतिहास व्यापाराने उलगडत नाही. अल्मोड्याचा नंदादेवीचा मेळा राजांच्या भांडणातून आला. चंद राजा बाजबहादूर याने सतराव्या शतकात गढवालवर स्वारी केली आणि बधाणगढच्या किल्ल्यातून नंदेची मूर्ती अल्मोड्याला आणली. शत्रूची देवी लुटीत आली आणि राजाची कुलदेवी झाली. भाद्रपदातल्या अष्टमीला आजही केळीच्या खांबांतून नंदा-सुनंदेच्या प्रतिमा घडवतात आणि शेवटी त्यांचं विसर्जन करतात. गढवालमध्ये तीच नंदा माहेरवाशीण आहे आणि तिला सासरी कैलासाकडे पोचवायला बारा वर्षांनी राजजात निघते, चार शिंगांचा मेंढा पुढे घालून. दोन शेजारी राज्यं एकाच देवीसाठी भांडली आणि दोघांचीही ती राहिली.

चंपावत जिल्ह्यात देवीधुराला राखीपौर्णिमेच्या दिवशी बग्वाल होते: वाराहीच्या देवळासमोर चार खाम, म्हणजे घराण्यांचे गट, एकमेकांवर दगडांचा वर्षाव करत. सांगतात ते असं, की पूर्वी पाळीपाळीने नरबळी द्यावा लागे. चम्याल खामातल्या एका म्हातारीच्या एकुलत्या नातवावर पाळी आली, तिने देवीला आळवलं, आणि देवीने सांगितलं की एका माणसाइतकं रक्त चौघांनी मिळून सांडलं तरी चालेल. पुजारी शंख वाजवत मैदानात उतरला की दगड थांबतात आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार पाहिलेल्या वैदर्भी वाचकाला हे नवं वाटणार नाही. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दगडांच्या जागी फळं-फुलं आली. तरीही मधूनच एखादा दगड येतोच.

पुन्हा व्यापाराकडे, कारण जत्रांवर सगळ्यात मोठा घाव तिथेच बसला. तिबेटातली परिस्थिती पन्नासच्या दशकातच बिघडत चालली होती. १९६२च्या युद्धाने खिंडी बंद केल्या. एका हंगामात शेकडो वर्षांची ये-जा थांबली. मिलमसारखी गावं रिकामी झाली, कळप विकले गेले. भोटियांना १९६७ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पुढची पिढी शिकून सरकारी नोकऱ्यांत गेली. जत्रा चालू राहिल्या, पण त्यांचं काम बदललं. मीठ दुकानात मिळू लागलं होतं. बाजारात लुधियानाच्या स्वेटरांच्या आणि प्लास्टिकच्या राशी आल्या, पाळणे आले, सरकारी खात्यांचे स्टॉल आले, आणि रात्रीच्या बैरांऐवजी स्टेजवरचे कलाकार. बागेश्वर १९९७ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाल्यावर कौतिकाला जिल्ह्याच्या मुख्यालयाची शानही मिळाली. थुलमे आणि दन अजून विकायला येतात. दारमा-मुनस्यारीच्या बायका ते हातमागावर विणतात, फक्त लोकर आता तिबेटची नसते.

लिपुलेखवरून १९९२ मध्ये मर्यादित व्यापार पुन्हा सुरू झाला, ठरावीक मालाच्या यादीपुरता आणि परवान्यावर. गुंजीला भारतीय बाजूची मंडी, पलीकडे तकलाकोट. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तोही थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि चीन यांनी लिपुलेख, शिपकी ला आणि नथू ला या तीन खिंडींतून सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचं मान्य केलं. नेपाळने लिपुलेखवरच्या आपल्या दाव्याची आठवण करून देत त्याला हरकत घेतली. जौलजीबीला कालीच्या दोन्ही काठांवरून माणसं येतात, त्यामुळे या वादाची चर्चा त्या जत्रेत होणं ओघानेच आलं.