देखाव्यातला फोमबोर्ड: थर्माकोलनंतरची गोष्ट

घरगुती गणपतीपुढे किंवा गौरींच्या आराशीत वाडा, किल्ला, देऊळ किंवा आठवडी बाजार यांचा छोटा देखावा उभा करण्यासाठी अलीकडे फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये फोमचा थर असलेला हलका तक्ता, सर्रास वापरला जातो. थर्माकोलवर बंदी आल्यानंतर मिळालेला निर्धोक पर्याय अशीच त्याची सर्वसाधारण ओळख आहे. या ओळखीत तथ्य किती, हे समजण्यासाठी दोन्ही वस्तूंचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा लागतो.

लहान आकारात एखादा प्रसंग किंवा परिसर मांडून दाखवण्याची हौस या दोन्ही वस्तूंपेक्षा पुष्कळ जुनी आहे. पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी १८२२ मध्ये ‘डायोरामा’ या नावाने खेळ सुरू केला, तेव्हा त्यात होते ते प्रचंड रंगवलेले पडदे आणि त्यांवर बदलत जाणारा प्रकाश. काचेआड मांडलेल्या लहान प्रतिकृतींना हे नाव पुढे संग्रहालयांमुळे चिकटले. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल बर्न्स अभिरक्षक असताना लोकजीवन आणि कारागिरी दाखवणाऱ्या मातीच्या प्रतिकृती घडवून घेण्यात आल्या व त्या आजही पाहायला मिळतात. घराघरांत मात्र माती, लाकूड, पुठ्ठा, कापड आणि रंगीत कागद यांवरच काम भागत असे, आणि दिवाळीचा किल्ला तर अजूनही मातीचाच शोभतो. या सगळ्या साहित्याची अडचण एकच होती, ती वजनाची. मोठा देखावा हलवणे किंवा उंचावर टांगणे अवघड जाई.

ही अडचण पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या फोमने दूर केली. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी १९५० च्या सुमारास पॉलिस्टायरीनचे बारीक मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवण्याची पद्धत विकसित केली. अशा फोमच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवाच असते. हा माल मुळात उष्णतारोधक म्हणून आणि नाजूक वस्तूंच्या बांधणीसाठी होता. आपल्याकडे थर्माकोल या नावाने रुळलेला हाच फोम तापलेल्या तारेने लोण्यासारखा कापता येतो, हे कारागिरांच्या ध्यानात आल्यावर कमानी, महिरपी, खांब आणि जाळ्या यांची मखरे भराभर तयार होऊ लागली आणि गणेशोत्सवाआधीच्या काही महिन्यांचा तो एक स्वतंत्र हंगामी धंदाच झाला.

फोमबोर्डची वाट वेगळी होती. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने १९५७ मध्ये ‘फोम-कोर’ या नावाने बाजारात आणलेल्या या तक्त्यात फोमचा पातळ थर दोन्ही बाजूंनी कागदाने मढवलेला असतो. जाहिरातींचे फलक, छायाचित्रे चिकटवण्याचे तक्ते आणि वास्तुविशारदांच्या प्रतिकृती हे त्याचे खरे क्षेत्र. वास्तुविशारदांना तो का मानवला, हे साध्या हिशोबाने कळते. १:५० या प्रमाणात पाच मिलिमीटरचा तक्ता २५ सेंटिमीटर जाडीची भिंत दाखवतो आणि आपली नऊ इंची विटांची भिंत साधारण तेवढीच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर असते. त्यामुळे तक्ता उभा केला की भिंत झाली. वरचा कागद आणि फोम कापून खालचा कागद शाबूत ठेवला, तर कोपरा जोड न देता दुमडता येतो. देखावा करणाऱ्यांनी आणखी एक युक्ती उचलली, जी मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी वाटते: एका बाजूचा कागद अलगद सोलून काढायचा, उघड्या पडलेल्या फोमवर बोथट पेन्सिलीने दगडांच्या रेघा दाबायच्या आणि वर राखाडी रंगाचे दोन-तीन हात द्यायचे, की वाड्याचे जोते किंवा गडाचा बुरूज तयार होतो.

महाराष्ट्रात या वस्तूकडे सजावटकारांचे लक्ष वळण्यामागे मोठे कारण कायद्याचे होते. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि सजावटीचे थर्माकोलही तिच्या कक्षेत आले. त्या वर्षीच्या उत्सवापुरती तरी सूट मिळावी, यासाठी थर्माकोल व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले, परंतु जुलैमध्ये न्यायालयाने ती नाकारली. मखरांच्या बाजारात मग घडीचा पुठ्ठा, कापड, बांबू आणि कागद यांना मागणी आली आणि बारीक कामाची हौस असलेल्यांनी फोमबोर्ड हाती घेतला.

येथेच ‘निर्धोक पर्याय’ हे वर्णन डळमळते. कागदाने मढवलेल्या बहुतेक फोमबोर्डांच्या पोटात पॉलिस्टायरीनच असते, म्हणजे थर्माकोलचेच रसायन. त्याची खूण कामातच पटते: स्प्रेचा रंग किंवा रबरी सोल्युशन कापलेल्या कडेला लागले की कागद तसाच राहतो आणि आतला फोम विरघळून कड पोकळ होते, म्हणूनच अनुभवी माणूस पांढरा फेविकॉल आणि पाण्यात मिसळणारे रंग यांपलीकडे जात नाही. दुकानात सनबोर्ड म्हणून मिळणारा गुळगुळीत, कागदाविना असलेला तक्ता तर पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचा असतो. दोन्ही मातीत कुजत नाहीत. शिवाय कागद आणि फोम एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने फोमबोर्ड कागदाच्या रद्दीतही जात नाही, हा त्याचा थर्माकोलपेक्षा एक जादाच दोष म्हणावा लागेल.

फोमबोर्डच्या बाजूने बोलायचे तर त्याचा टिकाऊपणा सांगता येतो. थर्माकोलच्या कडा हाताळताना दाणे सुटून झडतात आणि मखर बहुधा एका उत्सवापुरतेच उरते. फोमबोर्डच्या भिंतींना तक्त्याच्या जाडीएवढ्या खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या आणि डिंक टाळला, तर संपूर्ण वाडा सुटा करून माळ्यावर सपाट ठेवता येतो आणि पुढच्या वर्षी त्याच भिंतींवर नवा रंग देऊन दुसरा देखावा मांडता येतो.